लायसन इथले, रस्ता तिथला

आमच्या संगमेश्वरात 'ड्रायव्हिंग लायसन्स' असे पूर्ण कोणी म्हणत नाही. 'लायसन काढलंस काय?' एवढेच विचारतात. ते स्कूटरचे, रिक्षाचे की डंपरचे, हे समोरचा माणूस बघून समजून घ्यायचे. सरकारी कागदावर त्यालाच 'अनुज्ञप्ती' म्हणतात. पस्तीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला, पण हा शब्द मी एकाही माणसाच्या तोंडून ऐकला नाही. परवाना मात्र सगळ्यांना कळतो. फारसीतून आलेला, दरबारात मुरलेला शब्द. (उर्दूत परवाना म्हणजे दिव्यावर झेप घेणारा पतंगही. आमच्या घाटातली काही मुले बाईक चालवतात ते बघितले की दोन्ही अर्थ एकदम पटतात.)

तर मंडळी, विषय असा. आता आमच्या तालुक्यात असे घर शोधावे लागेल ज्यातले कोणी बाहेर नाही. आधी मुंबई, मग कुवेत-दुबई, मग अमेरिका, आता इंग्लंड, जर्मनी, कॅनडा. बाहेर गेलेल्यांचे फोन येतात तेव्हा थंडी, घरभाडे, भाजीचे भाव हे सगळे बोलून झाले की एक तक्रार हमखास येते. 'इथे आपलं लायसन चालत नाही. परत परीक्षा द्यायची.' सांगणाऱ्याच्या आवाजात रागापेक्षा अपमान जास्त असतो. पंचवीस वर्षे गाडी चालवणारा माणूस, त्याच्या गाडीला पुन्हा शिकाऊची पाटी! 'गाडी तीच, चाके चार, मग लायसन का चालत नाही?' हा प्रश्न मला माझ्या भाच्याने विचारला. मी इतिहासाची शिक्षिका, म्हणून उत्तर इतिहासात शोधायला बसले. जे हाती लागले ते इथे मांडते.

सुरुवात आमच्या खाडीपासूनच करते. शास्त्री नदी जयगडला समुद्राला मिळते. पूर्वी त्या खाडीतून गलबते वर संगमेश्वरापर्यंत येत. या किनाऱ्यावर 'कोणाचा परवाना कोणी मानायचा' हे भांडण मोटारीच्या कितीतरी आधी झालेले आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी फर्मान काढले की अरबी समुद्रात जहाज न्यायचे तर आमचा 'कार्ताझ' घ्या. तो घेण्यासाठी त्यांच्या बंदराला लागायचे, जकात भरायची. कार्ताझ नसला तर जहाज जप्त. आदिलशाही आणि मोगल जहाजांनासुद्धा तो घ्यावा लागे. जमिनीवर लाखांच्या फौजा असलेले बादशहा पाण्यात गेले की पोर्तुगीजांचा कागद खिशात ठेवत होते!

पुढे कान्होजी आंग्र्यांचा काळ आला. त्यांनीही तेच केले, म्हणाले माझ्या पाण्यातून जायचे तर माझे दस्तक हवे. इंग्रजांना ते पटेना. त्यांचे म्हणणे, आमच्या कंपनीचा पास असताना तुमचे दस्तक कशाला? कान्होजींचे म्हणणे, तुमच्या स्वतःच्या जहाजांचे ठीक आहे, पण तुमचा पास दाखवून इथलेच व्यापारी आपला माल पुढे काढतात, त्याचे काय? १७१३ साली दोघांत तह झाला, तरी हा वाद काही मिटला नाही. वर्गात हा भाग शिकवताना मी मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगत असे. या सगळ्या भांडणात तांडेलाला जहाज हाकता येते की नाही हे कोणीही विचारलेले नाही. कागदावर शिक्का कोणाचा, एवढाच प्रश्न होता. भाच्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथेच सापडले.

आता मोटारीकडे येऊ. कार्ल बेंझने जर्मनीत मोटार बनवली तेव्हा तिच्या आवाजाने आणि वासाने लोक वैतागले. म्हणून १८८८ साली त्याने बाडेनच्या सरकारकडून रस्त्यावर गाडी चालवण्याची लेखी परवानगी घेतली. जगातले पहिले लायसन ते हेच, असे मानतात. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये मोटार चालवणाऱ्यांना दाखला सक्तीचा केला. इंग्लंडात १९०३ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून परवाना आला. किंमत पाच शिलिंग. परीक्षा? मुळीच नाही. पाच शिलिंग द्या आणि परवाना घ्या. म्हणजे हा परवाना कौशल्याचा दाखला नव्हताच. गाडी कोण चालवतो आहे हे पोलिसांना कळावे यासाठीची ती नोंद होती. इंग्लंडात सक्तीची परीक्षा आली ती १ जून १९३५ ला, आणि तीही १ एप्रिल १९३४ नंतर गाडी चालवू लागलेल्यांना. त्याआधीचे जे होते, ते मरेपर्यंत परीक्षा न देता गाडी चालवत राहिले.

अमेरिकेत तर याहून मजा. मिसूरी राज्याने १९०३ मध्ये परवाना सुरू केला आणि परीक्षा घ्यायला सुरुवात केली १९५२ मध्ये. मधली जवळजवळ पन्नास वर्षे नुसतीच पावती! साउथ डकोटात तर १९५४ पर्यंत परवानाच नव्हता, आणि परीक्षा आली १९५९ मध्ये. आपल्याकडे १९१४ चा मोटार कायदा झाला, त्याच्या जागी १९३९ चा आला. या १९३९ च्या कायद्यात चालकाच्या चाचणीत काय काय बघायचे याचे स्वतंत्र परिशिष्टच जोडलेले होते. म्हणजे एक काळ असा होता की हिंदुस्थानातला परवानाधारक कायद्याने तरी तपासलेला होता आणि मिसूरीतला नव्हता. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, 'आत्या, हे इथल्या परीक्षकाला सांगायला ये.'

मोटारी देशांच्या सीमा ओलांडू लागल्या तसा प्रश्न आला की फ्रान्समधला माणूस इटलीत गाडी घेऊन गेला तर काय करायचे. १९०९ साली पॅरिसला पहिला करार झाला. १९२६ साली पुन्हा पॅरिसलाच दुसरा झाला आणि आंतरराष्ट्रीय परवान्याची छोटी पुस्तिका त्यातून आली. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९ सप्टेंबर १९४९ ला जिनिव्हाचा करार झाला. भारत त्यात १९६२ मध्ये सामील झाला. आपल्याकडे 'इंटरनॅशनल लायसन' म्हणून जी राखाडी पुस्तिका मिळते ती या कराराची. पूर्वी मुंबईला १९१९ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून ती काढत, आता आरटीओतही मिळते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सरकारने देशभरात तिचा नमुना एकच केला आणि तिच्यावर क्यूआर कोड आला.

या पुस्तिकेविषयी लोकांचा मोठा गैरसमज आहे. आमच्या शेजारचा मुलगा जर्मनीला निघाला तेव्हा त्याचे वडील सगळ्यांना सांगत होते, 'इंटरनॅशनल काढलंय, आता जगात कुठेही चालवेल.' तसे नाही हो. ती पुस्तिका म्हणजे मूळ परवान्याचे भाषांतर. मूळ लायसन जवळ नसेल तर तिला काही अर्थ नाही, आणि मुदत एकच वर्ष. पाहुण्यासाठी केलेली सोय आहे ती. करारात देशांनी एकमेकांना शब्द दिला तो एवढाच की तुमचा माणूस आमच्याकडे फिरायला आला तर आम्ही त्याची परीक्षा घेणार नाही. तो राहायलाच आला तर काय, याबद्दल मात्र ज्याने त्याने आपापल्या घरचा नियम केला. जर्मनीत आपले लायसन राहायला गेल्यापासून सहा महिने चालते. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा. शेजारच्या मुलाला तिथे गेल्यावर हे समजले.

आता भाच्याची हकीगत. हा माझ्या भावाचा मुलगा. बावीस वर्षे गाडी चालवलेला. साखरप्याहून आंबा घाट चढून कोल्हापूरला तो पावसाळ्यात, धुक्यात, रात्री अपरात्री गेलेला आहे. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरीसाठी इंग्लंडला गेला. तिथे भारतीय लायसनवर बारा महिने गाडी चालवता येते. ते वर्ष त्याने मजेत चालवली. आपल्यासारखेच डावीकडून चालवायचे, त्यामुळे काही अडचण नाही. वर्ष संपल्यावर मात्र आदल्या दिवशी कामावर गाडीने गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी शिकाऊ परवाना घ्यावा लागला. गाडीला लाल 'एल' लावायचा, शेजारी परवानाधारक बसवायचा. तो शेजारी कोण, तर त्याच्या ऑफिसातला चोवीस वर्षांचा पोरगा!

मग संगणकावरची लेखी परीक्षा, पन्नास प्रश्न, त्रेचाळीस बरोबर यायला हवेत. पुढे चित्रफिती दाखवतात, त्यात धोका दिसला की कळ दाबायची. नंतर रस्त्यावरची परीक्षा, जवळजवळ चाळीस मिनिटांची. पंधरापर्यंत लहान चुका माफ, गंभीर चूक एक जरी झाली तरी नापास. भाचा पहिल्यांदा नापास झाला. कारण काय, तर वळताना आरशात बघितले नाही. तो म्हणाला, 'आत्या, मी बघितलं होतं, पण डोळे फिरवून. त्यांना मान वळलेली दिसायला हवी होती.' दुसऱ्या खेपेला पास झाला. नंतर मला म्हणाला, चौकात येणाऱ्याला वाट कधी द्यायची आणि शाळेजवळ वेग किती ठेवायचा हे मी बावीस वर्षांत कधी वाचलेच नव्हते. चालवत होतो एवढेच. हे तो स्वतःहून म्हणाला, म्हणून लिहिते.

पण इंग्लंडने सगळ्यांनाच असे परीक्षेला बसवले असते तर माझे काही म्हणणे नव्हते. त्यांची एक यादी आहे. त्या यादीतल्या देशाचे लायसन असले की परीक्षा नाही, अर्ज करा, शुल्क भरा, बदलून घ्या. यादीत ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका आहेत. बार्बाडोस आहे. झिंबाब्वे आहे. २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातींची भर पडली. भारत नाही. झिंबाब्वेच्या लोकांविषयी मला आकस नाही, चांगलेच चालवत असतील. पण ही यादी नुसत्या रस्त्यावरच्या कौशल्यावर झालेली नाही, एवढे तर कोणालाही दिसते. कोणाशी जुने संबंध, कोणाची परीक्षा तपासून पाहिली, कोण आपला परवाना उलट मानतो, असे सगळे त्यात येते. शेवटी कार्ताझ आणि दस्तकच.

'उलट मानतो' यावरून आठवले, आपला कायदा काय म्हणतो? हे वाचून मी थक्क झाले. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे नववे कलम बघा. त्यात चाचणीतून कोणाला सूट हे दिले आहे. त्यात स्पष्ट लिहिले आहे की भारताबाहेरच्या कोणत्याही देशाच्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेला त्या प्रकारच्या वाहनाचा परवाना ज्याच्याकडे आहे त्याला चाचणी देण्याची गरज नाही, तंदुरुस्तीच्या दाखल्याची अट पुरी केली की झाले. कोणत्याही देशाच्या! यादी नाही, करार नाही, तुम्ही आमचे मानता का हा प्रश्न नाही. उजवीकडून चालवणाऱ्या देशातला माणूस आपल्याकडे येऊन राहिला तर त्याने डावीकडून चालवून दाखवावे, असेही कायदा म्हणत नाही. याला अतिथी देवो भव म्हणायचे की गाफीलपणा, हे तुम्ही ठरवा. मला विचाराल तर हातखंब्याच्या वळणावर पाहुणा उजवीकडून आला तर देवालाही आवरणार नाही.

त्याच कलमात आणखी एक सूट आहे, ती मला फार आवडली. लष्कराची किंवा केंद्र सरकारची वाहने चालवण्यासाठी मिळणारा जो वेगळा परवाना असतो, तो ज्याच्याकडे आहे किंवा पूर्वी होता त्याला नागरी परवान्यासाठी चाचणी नाही. कोकणातून फौजेत गेलेली माणसे घरोघर आहेत. त्यातले कितीतरी फौजेत ट्रक शिकून आले आणि नंतर एसटीच्या किंवा खासगी गाडीच्या चाकामागे बसले. एका लायसनचे दुसऱ्या लायसनात रूपांतर हे आपल्या गावात फार पूर्वीपासून चालू होते, परदेश त्यात नव्हता एवढेच.

आता आखाताकडे वळते, कारण कोकणात लायसनची खरी किंमत आखाताने शिकवली. इंग्लंडात भाच्याचा अपमान झाला, पण त्याची नोकरी लायसनवर नव्हती. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला आणि आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांतून, वाड्यांतून मुलगे कुवेत, सौदी, दुबईला जाऊ लागले. त्यातले बरेच ड्रायव्हर म्हणून. तिथे गाडी उजवीकडून. पूर्वी तिकडच्या काही भागांत इंग्रजांच्या वळणाने डावीकडून चालवत, पण १९६६ च्या सुमारास दुबई-अबुधाबीकडे आणि १९६७ मध्ये बहरीनने बाजू बदलली. आमचे लोक पोहोचले तेव्हा सगळेच उलटे झालेले. गंमत म्हणजे १९५९ पासून काही वर्षे त्याच किनाऱ्यावर आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला खास 'आखाती रुपया' चालत होता. रुपया चालला, लायसन चालले नाही.

माझा एक विद्यार्थी, गणितात कच्चा पण हाताने हुशार, शारजाला गेला. घरी सांगितले ड्रायव्हर म्हणून लागलो. प्रत्यक्षात पहिले सात-आठ महिने तो गोदामात पेट्या उचलत होता, कारण लायसन नव्हते. आपले भारतीय लायसन तिथे सरळ बदलून मिळत नाही. ड्रायव्हिंग शाळेत नाव घालायचे, ठराविक तास पुरे करायचे, मैदानातली परीक्षा, मग रस्त्यावरची. नापास झाले की आणखी तास, आणखी पैसे. तो चौथ्या वेळी पास झाला. त्या वेळेपर्यंत शाळेला दिलेले पैसे आणि एजंटचे कर्ज मिळून घरी पाठवायला काही उरले नव्हते. गावात आई विचारायची, 'बाई, ड्रायव्हरला एवढा कमी पगार असतो काय हो?' मी काय सांगणार! मला ठाऊक होते, पण त्याने सांगू नका म्हटले होते. आता त्याचे सगळे स्थिरस्थावर आहे, म्हणून हे लिहायला हरकत नाही, असे त्यानेच कळवले आहे. दुबईने २०२३ मध्ये 'गोल्डन चान्स' नावाची सोय काढली. ज्याच्याकडे आपल्या देशाचे लायसन आहे त्याला तास न घेता एकदा थेट परीक्षेला बसता येते. पास झाला तर पैसे वाचले, नाही तर सगळ्यांबरोबर शाळेत. विद्यार्थी म्हणतो, 'बाई, हे वीस वर्षं आधी केलं असतं तर माझं घर दोन वर्षं आधी झालं असतं.'

कुवेतने तर २०१४ मध्ये परदेशी माणसाला परवाना देताना पदवी, दरमहा किमान ६०० दिनार पगार आणि दोन वर्षांचे वास्तव्य अशा अटी घातल्या. काही व्यवसायांना त्यातून सूट होती. गाडी चालवायला पदवी कशाला? उत्तर उघड आहे. रस्त्यावर गर्दी नको होती, आणि गर्दी कमी करायची तर कोणाची, हे पगार बघून ठरवले. सौदीत २४ जून २०१८ पर्यंत बायकांना गाडी चालवायलाच बंदी होती. आपल्याकडच्या ज्या मुली तिथे नोकरीला गेल्या त्यांच्या पर्समधले भारतीय लायसन तोवर नुसते कार्ड होते.

बायकांचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेचे सांगते. १९६५ साली अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि मराठी डॉक्टर, इंजिनियर तिकडे जाऊ लागले. त्यांच्या मागून बायका गेल्या. माझी मामेबहीण १९७४ मध्ये न्यू जर्सीला गेली. गिरगावात वाढलेली, ट्राममध्ये आणि लोकलमध्ये एकटी फिरलेली मुलगी. तिथे घर असे की दूध आणायचे तर गाडी, पोस्टात जायचे तर गाडी. ती मला पत्रात लिहायची की आठवड्यात पाच दिवस मी घराच्या खिडकीशी असते. भावजींकडे मुंबईचे लायसन होते, चांगले आठ वर्षांचे. पण परीक्षेच्या खिडकीपाशी ज्याच्याकडे लायसन होते तो आणि जिने कधी चाक धरले नव्हते ती, दोघे एकाच रांगेत उभे. भावजींना तो अपमान वाटला. बहिणीला मात्र ती रांग फार आवडली! संसारात पहिल्यांदाच दोघांना एकच प्रश्नपत्रिका मिळाली, असे तिने लिहिले होते. भावजी गाडी लावण्याच्या परीक्षेत, दोन गाड्यांच्या मधे उलटी घालायची असते त्यात, अडकले. ती पहिल्या वेळी पास झाली. रविवारी दुकाने बंद असताना मोकळ्या आवारात तिने तेवढाच सराव केला होता. ग्रीन कार्ड तिला नवऱ्यामुळे मिळाले होते. हा कागद तिने स्वतः मिळवलेला. ते पत्र मी जपून ठेवले आहे.

आता अमेरिकेत दुसरी अडचण आहे. २००५ च्या 'रिअल आयडी' कायद्यानंतर तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याच्या लायसनची मुदत त्याच्या मुक्कामाच्या परवानगीशी बांधली गेली. व्हिसाची मुदतवाढ सरकारदरबारी अडकली की लायसनही संपते. नोकरी आहे, घर आहे, गाडी दारात आहे, आणि मुलांना शाळेत सोडता येत नाही. अशी दोन घरे माझ्या नात्यातच आहेत. परीक्षा उत्तम पास झालेली माणसे आहेत ही, पण कागदाला आता ती परीक्षा पुरत नाही. १९०४ मध्ये इंग्लंडात परवाना म्हणजे ओळखीची नोंद होती, आणि शंभर वर्षांनी फिरून तो तिथेच आला, असे मला वाटते.

आता कडू भाग. आपल्या लायसनवर लोक विश्वास का ठेवत नाहीत? राजकारण आहे, याद्या आहेत, सगळे खरे. पण आपल्याकडे चाचणी कशी होते हे आपल्याला ठाऊक नाही का? मैदानात आठचा आकडा काढायचा, चारचाकी असेल तर थोडी पुढे, थोडी मागे, आणि झाले. ड्रायव्हिंग स्कूलवाला शेजारी बसलेला असतो, त्याचा पाय त्याच्या ब्रेकवर. मी सगळ्याच ठिकाणचे म्हणत नाही, कडक परीक्षा घेणारे अधिकारी मी पाहिलेले आहेत आणि लोक त्यांना शिव्या देतात हेही पाहिले आहे. तेच तर दुखणे आहे. केंद्र सरकारचाच आकडा आहे की २०२२ या एका वर्षात आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनमध्ये सतराशेच्या आसपास. लोकसंख्येच्या हिशेबाने त्याला एकवीसने गुणा, छत्तीस हजार होतात. आणि त्यांच्याकडे माणशी गाड्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. सगळाच दोष चालकांचा नाही. आमच्या महामार्गाचे काम किती वर्षे चालले आहे हे कोकणी माणसाला सांगायला नको. तरीसुद्धा हा आकडा परदेशातल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर असतो आणि समोर आंबा घाट चालवलेला माझा भाचा उभा असतो. भाच्याला तो ओळखत नाही, आकडा ओळखतो.

जपाननेही अलीकडे दार अरुंद केले. तिथे परदेशी लायसन जपानी करून घेताना आपल्या लोकांना दहा सोपे प्रश्न असत, सात बरोबर आले की पुढची चालवण्याची चाचणी. १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रश्न पन्नास झाले आणि नव्वद टक्के बरोबर यायला हवेत. तोक्योच्या एदोगावा भागात आपली बरीच मराठी घरे आहेत, त्यातल्या नव्याने गेलेल्यांना आता अभ्यास करावा लागेल. यात मला वावगे काही दिसत नाही.

कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांताची पद्धत मात्र मला न्याय्य वाटते. १९९४ पासून तिथे टप्प्याटप्प्याने परवाना देतात, नवशिक्याला टप्प्यांच्या मधे थांबावे लागते. आपले लायसन ते बदलून देत नाहीत, परीक्षा द्यावीच लागते. पण तुम्ही आधी किती वर्षे चालवली ते मोजतात आणि थांबण्याचा काळ कमी करतात. म्हणजे तुमच्या सरकारच्या परीक्षेवर विश्वास नाही, तुमच्या वर्षांवर आहे. फक्त दोन वर्षांहून जास्त अनुभव सांगायचा असेल तर मूळ परवाना देणाऱ्या कार्यालयाचे किंवा वकिलातीचे पत्र लागते.

इथे आमच्याकडच्या माणसांची पंचाईत होते. ज्यांनी पूर्वी लायसन काढले त्यांच्याकडे पुस्तिका होती, शाईने लिहिलेली, वर फोटो चिकटवलेला. त्याची नोंद संगणकावरच्या 'सारथी'त आपोआप आलेली नसते. मग नवे स्मार्ट कार्ड काढताना जुन्या तारखेचा दाखला शोधा, 'बॅकलॉग एंट्री' करून घ्या, रत्नागिरीला चकरा मारा. हे सगळे माणूस इथे असताना दोन खेपांत होते. तो तिकडे गेल्यावर त्याच्या म्हाताऱ्या आईवडिलांना ते करावे लागते, आणि खिडकीवर सांगतात की अर्जदाराला पाठवा. गेल्या दोन वर्षांत मी अशा तीन अर्जांचे मराठी लिहून दिले आहे. तेव्हा घरातले कोणी बाहेर निघाले असेल तर त्याला आधी आपली जुनी पुस्तिका शोधायला सांगा. बहुतेक वेळा ती कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली असते.